जुनी वेगवान मोटार: इंजिनाआधी पत्रा, पत्र्याआधी कागद

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातील एका गावात राहतो आणि बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी यंत्रावर काम करतो. एखादी जुनी, वेगवान मोटार स्वस्तात घ्यावी आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हातांनी ती पूर्ववत करावी, अशी माझी बऱ्याच वर्षांची इच्छा आहे. सध्या अडीच लाख रुपये शिल्लक आहेत. दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. एक २००२ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक कोल्हापुरात आहे, एमएच-०९ पासिंगची. ती चालू स्थितीत असून नुकतीच रंगवलेली आहे आणि मालक सव्वा लाख मागत आहेत. दुसरी फियाट पॅलिओ १.६ गोव्यात वास्कोला आहे. ती तीन वर्षे जागेवर उभी असून साठ हजारांत मिळेल. दोन्हींपैकी पॅलिओ स्वस्त असल्याने मन तिच्याकडे ओढते. पुढे तिच्यात टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारे यंत्र) बसवण्याचाही विचार आहे. घरच्यांचे म्हणणे असे की, या पैशांत एखादी चांगली वापरलेली अल्टो येईल. मार्गदर्शन करावे.
एक वाचक, खानापूर

उत्तर: दोन आसनांची, उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्‌स कार ही परदेशात मध्यमवर्गीयाला परवडणारी हौस असली, तरी आपल्या बाजारात ती जवळजवळ कधी आलीच नाही. वापरलेली मोटार परदेशातून आणायची, तर ती तीन वर्षांहून जुनी असून चालत नाही आणि तिच्यावरील आयात शुल्क आपल्या शिल्लकीच्या कितीतरी पटींनी अधिक होते. भारतात बनलेली सॅन स्टॉर्म ही त्यातली एक अपवादात्मक गाडी. तिला फायबरची बॉडी आणि रेनॉचे लहान इंजिन होते, त्यामुळे पत्रा गंजण्याची चिंता नाही, परंतु समोरची काच फुटली तर ती कुठून आणायची या प्रश्नावर मोटार वर्षभर उभी राहू शकते. म्हणून आपल्याकडे हौशी मंडळींनी ‘स्पोर्ट्‌स’ म्हणून जपल्या त्या बहुतेक साध्या घरगुती मोटारीच होत्या, फक्त इंजिन ताकदवान. आपण पाहिलेल्या दोन्ही गाड्या याच जातीच्या आहेत. व्हीटेक सिटीची १०६ अश्वशक्ती आणि १.६ पॅलिओची १०० अश्वशक्ती हे त्या काळचे मोठे आकडे होते. २००३ मध्ये सिटीची पुढची पिढी आली, तिच्या इंजिनात ७७ अश्वशक्तीच होती.

अशी गाडी पाहताना माणूस सर्वांत आधी बॉनेट उघडून इंजिन ऐकतो. माझ्या मते बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात हा क्रम उलटा असायला हवा. ही दोन्ही शहरे ओतकामाची आणि यंत्रकामाची आहेत. सिलिंडर बोअर करणे, क्रँक ग्राइंड करणे, हेडचे फेसिंग करणे ही कामे मुंबईपुण्याला न जाता इथेच होतात, आणि आपण स्वतः मायक्रोमीटर हाताळणारे असल्याने काम नीट झाले की नाही हे मोजून पाहू शकता. इंजिन थकलेले असेल तर त्यावर उपाय आहे. खालून गंजलेल्या सांगाड्यावर आणि अपुऱ्या कागदपत्रांवर मात्र तसा खात्रीचा उपाय नाही. आपण कागदापासून सुरुवात करू.

२००२ च्या मोटारीची मूळ पंधरा वर्षांची नोंदणी २०१७ मध्ये संपली. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण झालेले असले पाहिजे, म्हणजे आज आरसीवर, अर्थात नोंदणी प्रमाणपत्रावर, २०२७ च्या आसपासची तारीख दिसायला हवी. ती नसेल तर ‘फक्त पासिंग राहिले आहे’ या वाक्यावर विश्वास ठेवू नये. वीस वर्षांपुढील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क २०२५ मध्ये दहा हजार रुपये करण्यात आले, आणि गाडी तपासणीत उतरली नाही तर तो खर्च करूनही हाती काही लागत नाही. परिवहन विभागाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून बँकेचा बोजा, विम्याची मुदत आणि थकलेली चलने पाहून घ्यावीत. वीस वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच राहिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, आणि ती बँक दरम्यान दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर तिचा दाखला मिळवणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते.

सीमाभागात महाराष्ट्र पासिंगच्या गाड्या वर्षानुवर्षे फिरताना दिसतात, म्हणून आपल्याला हा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. कायदा तसा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे राहिली तर तिला इथला क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी कोल्हापूर आरटीओचा ना-हरकत दाखला, म्हणजे नमुना २८, बेळगावच्या कार्यालयात द्यावा लागतो, गाडी केए-२२ मध्ये येते आणि तिच्या वयानुसार कर्नाटकाचा आजीवन कर नव्याने भरावा लागतो. कर्नाटकाचा हा कर देशातील चढ्या करांपैकी एक आहे. व्यवहार ठरवण्यापूर्वी बेळगाव आरटीओत जाऊन आपल्या गाडीच्या वर्षाचा आणि मूळ किमतीचा आकडा समक्ष विचारून घ्यावा. एजंटाने तोंडी सांगितलेला आकडा बहुधा कमी असतो. गोव्याच्या गाडीलाही हेच सारे लागू आहे.

आता पत्रा. नुकताच दिलेला रंग मला आश्वासक वाटत नाही, उलट शंका उत्पन्न करतो. मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक दरवाज्यांच्या खालच्या भागावर, चाकांच्या कमानींवर आणि डिकीच्या कडेवर फिरवावे; जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे, आणि लांबीखाली बहुधा गंज आहे. पुढे गाडी रॅम्पवर चढवून खालून टॉर्चने पाहावी. दरवाज्याखालच्या पट्ट्या, जॅक लावण्याच्या जागा, आतील गालिचा उचलल्यावर दिसणारी जमीन, स्टेपनीचा खड्डा आणि बॉनेटखाली पुढच्या सस्पेन्शनचे टोक जिथे बॉडीला बोल्टने धरलेले असते ती जागा, या पाच ठिकाणी स्क्रूड्रायव्हर टेकवून हलके दाबावे. पत्रा कुरकुरला किंवा आत गेला तर तिथेच थांबावे. बाहेरचा पॅनेल बदलता येतो. सस्पेन्शन ज्या पत्र्याला धरून आहे तो सडला असेल तर वेल्डिंग करूनही गाडी सरळ चालेल याची खात्री कोणताही प्रामाणिक मिस्त्री देणार नाही.

या कसोटीवर वास्कोची पॅलिओ सुरुवातीलाच मागे पडते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत तीन वर्षे उभी राहिलेल्या गाडीत ब्रेकच्या नळ्या, कॅलिपर, पेट्रोलची टाकी आणि वायरिंगचे जोड हे सगळे संशयास्पद असते. फियाटने भारतातील विक्री बंद करून काही वर्षे झाली असून, खपाने अधिक असलेल्या १.२ पॅलिओचे बरेच भाग १.६ ला लागत नाहीत. आणखी एक बाब सहसा कोणी सांगत नाही. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो. १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १,००० ते १,५०० सीसीसाठी तो ३,४१६ रुपये आहे, तर १,५०० च्या पुढे ७,८९७ रुपये, आणि वर त्यावरचा कर. सिटी पहिल्या गटात मोडते, १,५९६ सीसीची पॅलिओ दुसऱ्या. साठ हजारांची गाडी दरवर्षी अशी थोडी थोडी महाग होत जाते.

सिटीचे इंजिन तपासताना ती सकाळी, रात्रभर थंड राहिल्यानंतर, आपल्यासमोर सुरू करायला सांगावी. आपण पोहोचण्यापूर्वीच गरम करून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. निळा धूर दिसला तर ऑइल जळते आहे, आणि रेडिएटरच्या झाकणाखाली साईसारखा थर असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ठोकळा आणि हेड यांमधील पॅकिंग, फुटल्याचा संशय घ्यावा. फिटरकडून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्यावे. या इंजिनात टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारा पट्टा, आहे. तो तुटला तर व्हॉल्व पिस्टनवर आदळतात. कधी बदलला याची पावती नसेल तर गाडी घरी आणल्यावर पहिले काम तेच. दुसरे काम पेट्रोलच्या नळ्यांचे. पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि २००२ ची रबरी नळी त्यासाठी बनवलेली नाही.

टर्बोचा विचार मात्र सोडून द्यावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्टही केले आहे. नूतनीकरणाच्या तपासणीत अडचण येईल, शिवाय अपघात झालाच तर विमा कंपनीच्या हाती आयते कारण मिळेल. व्हीटेक इंजिनाची मजा तशीही ते वेगाने फिरत असताना, वरच्या फेऱ्यांत आहे, आणि चोर्ला घाटाच्या वळणांवर ती पुरेशी आहे.

पैशांबाबत माझा हिशेब असा आहे की, खरेदीच्या किमतीएवढी रक्कम हातात शिल्लक ठेवल्याशिवाय अशा गाडीला हात लावू नये. टायर, सस्पेन्शनचे बुश, बेल्ट, ब्रेक, बॅटरी आणि नवा कर यांतच ती बहुतांश संपते. टायरच्या बाजूवरील शेवटचे चार अंक पाहावेत: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी असे टायर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीचा पाऊस लक्षात घेता पक्के छप्पर नसेल तर जूनमध्ये सुरू केलेले काम सप्टेंबरमध्ये पुन्हा पहिल्यापासून करावे लागेल. आपल्या पत्रात छपराचा उल्लेख नाही. ते नसेल तर गाडीआधी शेड बांधावी.

घरच्यांच्या म्हणण्याचाही विचार व्हावा. घरात दुसरी मोटार नसेल आणि रात्री-अपरात्री कोणाला बेळगावला दवाखान्यात न्यायची वेळ येत असेल, तर ते बरोबर आहेत. अर्धवट खोललेली सिटी त्या कामाची नाही. तशी निकड नसेल, तर पॅलिओ सोडून द्यावी, आणि सिटी खालून कोरडी निघाली, कागद पुरे असले आणि मालक एक लाखाच्या आसपास उतरले तर ती घ्यावी. पूर्ण रक्कम मात्र ना-हरकत दाखला हातात आल्यावरच द्यावी.

प्रश्न: २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस दिल्ली पासिंगची असून निपाणीतील एक दलाल ती दोन लाखांत देतो. ‘एनओसी मी आणून देतो’ असे तो म्हणतो. घ्यावी का?
एक वाचक, निपाणी

उत्तर: दिल्ली परिसरात पंधरा वर्षांपुढील पेट्रोल मोटारींवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात दक्षिणेकडे येऊ लागल्या. त्यांतील काहींची नोंदणी तिथे संपून गेलेली असते, आणि ना-हरकत दाखल्याशिवाय आलेली गाडी चिकोडीच्या कार्यालयात केए-२३ च्या दप्तरी चढत नाही. दलालाने दाखला आधी आणावा, त्यावर बेळगाव जिल्ह्यातील कार्यालयाचे नाव असावे, आणि इंजिन व चॅसी क्रमांक आपण गाडीवर वाचून त्याच्याशी जुळवावेत.

गाडी म्हणून ती मोहात पाडणारी आहे, हे मान्य. १.८ लिटरचे टर्बो इंजिन, १५० अश्वशक्ती आणि दणकट सांगाडा. परंतु टर्बो, इग्निशन कॉइल आणि टायमिंग बेल्टचा पूर्ण संच एकदाच बदलायची वेळ आली तर खरेदीच्या रकमेचा मोठा भाग त्यातच जातो. शिवाय तिच्या इलेक्ट्रॉनिक प्रणालीतील दोष शोधायला स्कॅनर आणि ती गाडी जाणणारा माणूस लागतो. तो कोल्हापुरात किंवा बेळगावात आपल्या ओळखीचा आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर ही गाडी घेऊ नये, मग किंमत दीड लाख का होईना.