क्लासचं नंतर, आधी तिचे डोळे दाखवा

तुमचं तीन पानी पत्र दोनदा वाचलं. मुलगी मेडिकलची 'नीट' परीक्षा रिपीट करतेय, तिने न्यूरो-ऑफ्थॅल्मॉलॉजिस्टच, म्हणजे डोळा आणि मेंदू यांना जोडणाऱ्या नसांचे आजार बघणारी डॉक्टरच व्हायचं हे तुमचं ठरलंय, आणि आता कोणता क्लास लावावा असं विचारताय. मी मात्र शेवटच्या चार ओळींपाशी अडकले. 'दोन महिने झाले, सकाळी डोकं दुखतं म्हणते. वाकून उठलं की क्षणभर दिसेनासं होतं म्हणते. चष्म्याचा नंबर तपासला, काही नाही. सगळी अभ्यास टाळायची निमित्तं.'

अहो, ज्या शाखेत तिला घालायची तुम्हाला एवढी घाई आहे, त्या शाखेचा डॉक्टर या चार ओळी ऐकून बाकीचं पत्र बाजूला ठेवेल!

मी डॉक्टर नाही, निदान करत नाही. पण डोक्यातला दाब वाढला की डोळ्यामागची नस सुजू शकते, आणि तरीही सुरुवातीला तक्त्यावरची शेवटची ओळ नीट वाचता येते. नंबर तपासून हे कळत नाही. नेत्रतज्ज्ञांकडे थेंब घालून नस तपासून घ्या, याच आठवड्यात. मुरमांसाठी गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, काही गोळ्यांनी हा दाब वाढतो. उलट्या झाल्या, एकाचे दोन दिसले किंवा नजर कमी झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. काहीच निघालं नाही तर उत्तम. 'निमित्तं' हा शब्द तरीही मागे घ्या.

'डोळा आणि मेंदू, दोन्हींची ऑपरेशनं, म्हणजे दुप्पट कमाई' हे तुम्हाला कुणी सांगितलं? मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ वाढून डोळ्यांच्या नसांवर दाब आला की माणसाला दोन्ही बाजूंच्या कडांचं दिसेनासं होतं. दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, आणि तो बिचारा चष्मे बदलत राहतो. त्याला ओळखणं हे या डॉक्टरचं काम. गाठ काढतो न्यूरोसर्जन. इथे डोळ्याच्या बाहुलीवर टॉर्च मारून बघायचं, नजर कडेपर्यंत कुठे पोचते ते दाखवणारी फील्ड टेस्ट वाचायची, एमआरआय कुठला हवा ते ठरवायचं, आणि त्याआधी रुग्ण काय सांगतोय ते निवांत ऐकून घ्यायचं. तुमच्या घरात नेमकं हेच राहून गेलंय.

मार्ग सरळ आहे: एमबीबीएस, नेत्ररोगात एमएस किंवा डीएनबी ही पुढची पदवी, मग चेन्नईचं शंकर नेत्रालय किंवा मदुराईचं अरविंद अशा डोळ्यांच्या हॉस्पिटलात या शाखेची फेलोशिप, म्हणजे खास प्रशिक्षण. बारावीनंतर दहा-अकरा वर्षं तरी धरा, रिपीटचं वर्ष वेगळं.

ती वर्षं तिची जाणार आहेत, आणि तिला काय व्हायचंय हे तीन पानांत कुठेच नाही. तपासणी झाली की पुढचं पत्र तिला लिहू द्या. तुम्ही न वाचता पाकीट बंद करा.