प्लॉट सासऱ्यांचा, पैसे माझे: घरावर नाव कुणाचं?

प्रश्न: साखरपुडा झालाय, लग्न डिसेंबरात. होणाऱ्या सासऱ्यांच्या नावावरच्या प्लॉटवर आम्ही घर बांधतोय. मी होणाऱ्या नवऱ्याच्या खात्यावर 4 लाख दिले, आणखी 5 लाख द्यायचेत. माझं नाव लावायचं म्हटलं की त्याचे काका म्हणतात, "सुनेचं नाव कशाला?" त्याच्या आत्यांचीही हरकत आहे. ठेकेदार त्याच्या मामांनी आणलाय आणि ते नकाशात रोज बदल सुचवतात. काय करू?

उत्तर: उरलेले 5 लाख सध्या देऊ नका. ज्याची जमीन त्याचंच घर, असंच व्यवहारात धरलं जातं. जमीन आपली नाही हे माहीत असताना पैसे घातले आणि कागद केला नाही, तर मालकी सिद्ध करणं फार अवघड जातं. लग्नानंतर सून सासऱ्यांच्या घरात नांदत असेल तर तिथेही तिला राहण्याचा हक्क असू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे.

आधी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि सगळे फेरफार काढा. प्लॉट सासऱ्यांनी स्वतःच्या कमाईतून खरेदीखताने घेतला असेल, तर काका-आत्यांच्या संमतीची कायद्याने गरज नाही. मात्र तो आजोबांकडून वारसाने आला असेल, तर त्यांचा हिस्सा असू शकतो. उताऱ्यावर आत्यांचं नाव नाही एवढ्याने त्यांचा हक्क बुडत नाही. मग त्यांची हरकत ही लुडबूड नसते, हक्काची मागणी असते. ती नोंदणीकृत हक्कसोडपत्राने किंवा वाटणीपत्रानेच मिटवावी लागेल. घरातल्या बैठकीतल्या तोंडी होकारावर विसंबू नका.

प्लॉटवर दुसऱ्या कुणाचा हक्क नसेल तर सासऱ्यांनी आत्ता मुलाच्या नावे बक्षीसपत्र, म्हणजे मालमत्ता भेट दिल्याचा दस्त, करावं. लग्नानंतर नवऱ्याने तुमच्या नावे अर्ध्या हिश्श्याचं करावं. असा फेरा घ्यायचं कारण असं: महाराष्ट्रात निवासी मालमत्तेच्या बक्षीसपत्राला 200 रुपये मुद्रांक शुल्काची सवलत मुलगा, मुलगी, पती, पत्नी, नातवंडं यांना मिळते. नवरा हयात असलेली सून त्या यादीत नाही आणि वाग्दत्त वधू तर नाहीच. स्थानिक अधिभार आणि नोंदणी खर्च वेगळा. प्लॉट निवासी असल्याचं दाखवायला बिगरशेती आदेश व बांधकाम परवाना सोबत न्या. बक्षीसपत्र नोंदणीकृतच हवं, त्यावर दोन साक्षीदार हवेत. प्लॉट आधीच बँकेकडे गहाण पडला, तर प्रत्येक बदलाला बँकेची संमती लागेल.

सासऱ्यांना म्हातारपणी घराबाहेर काढतील अशी धास्ती असेल तर ती खोटी मानू नका. दोघा सासू-सासऱ्यांचा तहहयात राहण्याचा हक्क बक्षीसपत्रातच लिहा. बोलणी बरीचशी इथेच सुटतात.

दिलेल्या 4 लाखांचा कर्ज करारनामा आजच नवऱ्याकडून लिहून घ्या: तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक, परतफेडीची मुदत आणि "घराच्या बांधकामासाठी" हे शब्द. भेट म्हणून दाखवलं तर अडचण होते, कारण वाग्दत्त जोडीदार आयकर कायद्यात "नातेवाईक" नसतो आणि वर्षात अशा भेटी 50,000 रुपयांवर गेल्या की सगळी रक्कम त्याच्या उत्पन्नात धरली जाते. रोख देऊ नका. 20,000 रुपये किंवा जास्त कर्ज रोखीने घेता येत नाही. वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो, म्हणून मुदत नीट लिहा.

काका किंवा कुणीही "लग्नाआधी मुलीकडून एवढे आलेच पाहिजेत" म्हणत असेल, तर ती हुंड्याची मागणी ठरू शकते. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने मागणाऱ्याला आणि घेणाऱ्याला शिक्षा आहे. देणाराही सुटतोच असं नाही. तुमच्या आई-वडिलांनी सासऱ्यांच्या खात्यावर थेट रक्कम भरू नये.

घरासाठी कर्ज काढलं आणि तुम्ही सहकर्जदार म्हणून सही केली तर मालकी नसतानाही पूर्ण हप्त्याची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि मालक नसल्याने व्याजावरची करसवलतही मिळत नाही.

मामांबद्दल: ठेकेदाराशी लेखी करार करा आणि सूचना फक्त एकाच व्यक्तीच्या सहीने चालतील, असं त्यात लिहा. प्रत्येक जादा कामाचा दर काम सुरू होण्याआधी लेखी घ्या. जोते, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर अशा टप्प्यांनी पैसे द्या आणि शेवटचे 5 ते 10 टक्के गळती तपासेपर्यंत रोखून ठेवा. जिना सरकवणं, प्लॉटच्या कडेने नियमाने सोडायच्या मोकळ्या जागेत खोली काढणं यांसाठी सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. तसं न केल्यास नोटीस मालकाच्या नावे येते, मामांच्या नाही. घर वापरायला योग्य असल्याचं भोगवटा प्रमाणपत्रही अडकतं. हा मुद्दा मामांना मंजूर नकाशा समोर ठेवून सासऱ्यांनीच सांगावा.