दुर्मिळ सोल गाण्याची तबकडी पुन्हा काढायचीय? आधी हे बघ

उत्साह छान आहे, पण जुन्या सोलच्या (अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संगीतप्रकाराच्या) तबकड्या छापायला टाकण्याआधी थोडा थांब. फॉर्टीफाइव्ह (छोटी जुनी तबकडी) तुझ्याकडे आहे म्हणजे हक्कही आले, असं नसतं.

– हक्क दोन: मास्टरचा (म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाचा), आणि शब्द-चालीचा. परवानगी दोन्हींची लागते.
– गायक 'हो' म्हणाला तरी मास्टर बहुधा लेबलचा (रेकॉर्ड कंपनीचा) किंवा निर्मात्याचा असतो. लेबल बुडालं तरी हक्क सहसा कुणाकडे तरी गेलेला असतो. कोणी कोणाला विकला, ते कागदावरच बघ. मी एकदा टेपचा डबा बघून आगाऊ रक्कम दिली. टेप अस्सल होती, करारावर सही मात्र भलत्याचीच!
– 'साठच्या दशकातलं म्हणजे मोकळं' हे डोक्यातून काढ. १९५७ ते फेब्रुवारी १९७२ दरम्यान प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांना अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने २०६७ पर्यंत संरक्षण आहे.

सॅम्पलिंगचं (जुन्या गाण्याचा तुकडा नव्या गाण्यात वापरण्याचं) नंतर बघू. आधी एकाच गाण्याचे कागद जमव.