मोगऱ्याची छाटणी, खत आणि पिवळी पानं

फेब्रुवारी संपत आला की गावोगावहून मोगऱ्याचे तेच प्रश्न सुरू होतात, म्हणून सगळ्यांना एकदमच उत्तर देते.

वाई: मोगरा नक्की कधी छाटायचा?
जानेवारी अखेर ते फेब्रुवारी मध्य.

कराड: किती कापायचा? हात धजावत नाही.
जमिनीतलं जुनं झुडूप दीड फुटावर आणा, वाळक्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या तळातूनच काढा. फूल नव्या फुटीवर येतं, त्यामुळे जुनी काडी राखून काही मिळत नाही. गेल्या पावसाळ्यातच लावलेलं रोप असेल तर मात्र नुसते शेंडे खुडा.

तासगाव: राहूनच गेलं, आता कळ्या दिसतायत. छाटू?
नको. पहिला बहर ओसरला की हलकी छाटणी करा. तारीख ठाऊक असून दरवर्षी का राहतं हे मला खरंच कळत नाही.

मिरज: नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. शेजारच्या काकूंनी राख घालायला सांगितली, दुकानदाराने ‘फूल वाढवायची’ बाटली दिली. दोन्ही घातलं, फरक नाही.
फरक पडणारच नव्हता. आधी कुंडीची कड बघा, पांढरट खरपुडी जमलीय ना? ते बोअरच्या पाण्यातले आणि खतातले क्षार. आपल्याकडे मिरज, पलूस, वाळवा या कृष्णाकाठच्या पट्ट्यात खारवट-चोपण, म्हणजे क्षार साठलेली अल्कधर्मी जमीन भरपूर, तीच माती कुंडीत येते. अशा मातीत लोह असतं पण मुळांना ते उचलता येत नाही, म्हणून कोवळी पानं पिवळी पडतात. राख स्वतःच अल्कधर्मी, ती घातली की दुखणं वाढतं, आणि अंड्याची टरफलं, चुना यांचंही तेच. ‘टॉनिक’ म्हणून विकतात त्या बाटलीवर आत काय आहे ते छापलेलं नसेल तर घेऊच नका, दुकानदार कितीही गळ्यात मारू दे. खत पूर्ण बंद करा, तळाच्या भोकातून वाहीपर्यंत दोन-तीनदा साधं पाणी द्या, पावसाचं साठवलेलं असेल तर फारच छान. मग लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडा लिंबाचा रस, संध्याकाळी फवारा, आधी एकाच फांदीवर. पण त्याआधी माती तपासून घ्या, सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी) आणि क्षार कळल्याशिवाय मी पुढचं काही सांगणार नाही. कृषी विज्ञान केंद्रात विचारा. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर कारण वेगळं, बहुतेक वेळा पाणी जास्त होतं किंवा नत्र कमी पडतं.

विटा: छाटल्या छाटल्या खत घालू का?
कुजलेलं शेणखत घाला, बारा इंची कुंडीला दोन मुठी, बुंध्याला न चिकटवता. रासायनिक दाणे नवी फूट दोन बोटं झाल्यावरच, तेही चिमूटभर आणि ओल्या मातीत.

सातारा: कळ्या जांभळट होऊन गळतात. कुठलं औषध मारू?
एक कळी उकलून बघा, आत बारीक अळी किंवा तिची विष्ठा दिसेल. तशा कळ्या रोज वेचून नष्ट करा, कुंडीखालीही पडू देऊ नका. ही फुलं आपण केसात माळतो, देवाला वाहतो, पोरं नाकाला लावतात, म्हणून औषधाचं नाव मी इथं देणार नाही. वेचूनही थांबलं नाही तर कळ्या पिशवीत घालून सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहाय्यक) दाखवा आणि फवारल्यावर किती दिवस फूल तोडायचं नाही तेही त्यांच्याकडूनच लिहून घ्या.