वाचकांचे प्रश्न : हाताने बनवलेले दागिने, आणि त्यांची किंमत

या वेळी आलेल्या पत्रांत घरी दागिने किंवा हस्तकलेच्या वस्तू बनवून विकणाऱ्यांचीच पत्रं जास्त आहेत. मी स्वतः बरीच वर्षं मणी ओवतेय आणि तार वाकवतेय, त्यामुळे उत्तरं लिहिताना हात आवरता घेणं जमलं नाही, काही उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : ताई, मी मण्यांची कानातली आणि नेकपीस बनवते. सामानाला जेवढे पैसे लागतात त्याच्या दुप्पट किंमत लावते. तरी लोक म्हणतात महाग आहे, आणि महिनाअखेरीस माझ्या हातात काहीच उरत नाही. नेमकं कुठे चुकतंय?

तुम्ही सामान मोजताय, स्वतःला मोजत नाही आहात. दुप्पटचा हिशोब ऐकायला सोपा वाटतो म्हणून सगळे तोच करतात, पण तो बऱ्याचदा तोट्यात नेतो, कारण स्वस्त मण्यांच्या पण बारीक कामाच्या नेकपीसला तीन तास लागतात आणि महागडा एकच खडा लावलेलं पेंडंट वीस मिनिटांत होतं, मग दोन्हीला एकच नियम कसा चालेल?

एक साधी वही घ्या. पुढचे दहा पीस बनवताना घड्याळ समोर ठेवा आणि मिनिटं लिहा. नुसती ओवण्याची नाही, सगळी लिहायची. रंग जुळवत मणी निवडण्यात गेलेला वेळ, उसवून परत केलेला वेळ, फोटो, मेसेजना उत्तरं, डबी भरणं, कुरिअरला देऊन येणं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा एका साध्या कानातल्याच्या जोडीला ओवायला २० मिनिटं आणि बाकीच्या सगळ्याला ३५ मिनिटं निघाली. म्हणजे अर्ध्याहून जास्त काम मी धरतच नव्हते.

मग स्वतःच्या तासाचा एक दर ठरवा. सामान (तुटलेले मणी, वाया गेलेली तार धरून), अधिक वेळ गुणिले दर, अधिक पॅकिंग आणि अवजारांच्या झिजेचा थोडा वाटा, एवढा झाला तुमचा खर्च. यावर नफा वेगळा. मजुरीलाच नफा समजू नका, मजुरी ही तुमच्या कामाचा पगार आहे आणि नफा धंद्याचा, उद्या नवीन पक्कड घ्यायची, नवीन रंग ट्राय करायचे, तर ते पैसे त्या नफ्यातून येतात.

अजून एक जागा आहे जिथे पैसे गळतात आणि लक्षात येत नाही. समजा तुम्हाला हातात १०० हवेत आणि विकणारी साइट १५ टक्के कापते. बरेच जण ११५ किंमत लावतात. पण ते १५ टक्के ११५ वर कापले जातात, म्हणजे १७.२५ गेले आणि हातात आले ९७.७५. इथे १०० ला ०.८५ ने भागायचं असतं, किंमत येते साधारण ११८. एका जोडीत फरक छोटा दिसतो, वर्षभराच्या ऑर्डरींत तो चांगलाच दिसतो.

आणि महाग म्हणणाऱ्यांबद्दल सांगते. जी विचारते "इतकं का?" तिला उत्तर द्या, शांतपणे सांगा यात काय आहे, किती वेळ लागतो. जी नुसतंच महाग म्हणून पुढे जाते ती तुमची कस्टमर नव्हतीच. तिच्यासाठी किंमत उतरवलीत तर आधी पूर्ण पैसे देऊन गेलेल्या बाईवर अन्याय होतो.

प्रश्न : माझ्याकडून घेतलेल्या कानातल्यांनी एका ताईंचे कान लाल झाले आणि खाज सुटली. दुसऱ्या एकीची मान हिरवी झाली. मी तर चांगलंच मटेरिअल घेते. खूप वाईट वाटतंय, विकणं बंद करावंसं वाटतंय.

बंद करू नका. पण हे मनावर घेतलंत ते बरं केलंत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आधी त्या वेगळ्या करू.

मान हिरवी होते ती तांब्यामुळे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि घाम लागला की तांब्याचे क्षार होऊन त्वचेवर हिरवट डाग पडतो. तो धुतल्यावर जातो आणि सहसा त्रास देत नाही. खाज, लाली, कानाच्या भोकातून पाणी येणं, यामागे मात्र बहुतेक वेळा निकेल असतं. धातूंच्या ॲलर्जीत निकेलची ॲलर्जी सगळ्यात जास्त आढळते आणि एकदा झाली की सहसा जन्मभर राहते, म्हणून हा प्रश्न हलका नाही.

यात नावं फार फसवतात. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते, ते तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण असतं. "सिल्व्हर प्लेटेड" म्हणजे वरून पातळ मुलामा, खाली काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, आणि कानाच्या भोकात तो मुलामा सगळ्यात आधी घासला जातो. स्टर्लिंग सिल्व्हर म्हणजे ९२.५ टक्के चांदी, उरलेलं बहुधा तांबं. ज्यांना पूर्वीपासून त्रास आहे त्यांच्यासाठी टायटेनियम किंवा निओबियमचे हुक सगळ्यात निर्धास्त. सर्जिकल स्टीलमध्ये निकेल असतं पण ते घट्ट बांधलेलं असतं, त्यामुळे बहुतेकांना चालतं, सगळ्यांना नाही.

माझ्या हातूनही हे झालंय. एका सप्लायरने चांदीचे म्हणून दिलेले हुक मी विश्वासाने लावले आणि तिघींच्या तक्रारी आल्या. तेव्हा मी निकेल टेस्टचं किट मागवलं. छोट्या बाटलीतल्या औषधाचे दोन थेंब कापसाच्या काडीवर घ्यायचे आणि हुकवर अर्धा मिनिट घासायचं, निकेल सुटत असेल तर कापूस गुलाबी होतो. माझा कापूस गुलाबी झाला, चांगला गडद. त्या बॅचमधून विकलेल्या प्रत्येकीला मी स्वतःहून मेसेज केला, हुक बदलून दिले, ज्यांना पैसे हवे होते त्यांना पैसे परत केले. तेव्हापासून कुठल्याही नव्या पाकिटातले दोन हुक टेस्ट केल्याशिवाय एकही कानातलं बाहेर जात नाही.

तुम्हीही त्या ताईंना आजच लिहा, हुक बदलून देते म्हणा. आणि ज्याची खात्री नाही ते कार्डावर लिहू नका. पितळ असेल तर पितळ लिहा, पितळ काही कमी नाही.

जाता जाता हुकचं टोक बघा. तार कापली की टोकाला बारीक धार राहते, डोळ्याला दिसत नाही पण कानाला कळते. कानसने गोल करा आणि स्वतःच्या गालावर फिरवून बघा, टोचलं तर अजून घासा. २० गेजची तार, म्हणजे साधारण ०.८ मिमी, बहुतेकींच्या कानाला चालते. वजनही बघा. मी एक कानातलं १० ग्रॅमच्या आत ठेवते, आणि जोडीतली दोन्ही काट्यावर सारखी भरतात का तेही तपासते.

प्रश्न : फोटोत रंग वेगळाच येतो, निळा मणी हिरवट दिसतो, मग लोक परत करतात. चांगला कॅमेरा घ्यावा का?

नको. फोन पुरे. खोलीतले दिवे आधी बंद करा, खिडकीचा उजेड आणि बल्बचा पिवळा उजेड एकत्र आला की फोन गोंधळतो आणि रंग बिघडतो. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीशी पांढऱ्या कागदावर वस्तू ठेवा, आणि खिडकीच्या समोरच्या बाजूला अजून एक पांढरा कार्डपेपर उभा करा म्हणजे सावली सौम्य होते. फोनची लेन्स पुसा, हे सगळे विसरतात. स्क्रीनवर मण्यावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होतो, मग फोटोचा उजेड तिथेच स्क्रीनवर किंचित कमी करा. एक फोटो कानात किंवा गळ्यात घातलेला द्या, एक पट्टीशेजारी ठेवलेला, आणि एक मागच्या बाजूचा. परत येण्याचं कारण रंगापेक्षा साइज जास्त असतं, "वाटलं होतं मोठं असेल". म्हणून मण्याचा मिमी आणि नेकपीसची इंच लांबी लिहाच.

प्रश्न : कस्टम ऑर्डर घेतली, चार दिवस खपून बनवलं, आणि बाईंनी मेसेज बघणंच बंद केलं. आता त्या नावाच्या अक्षरांच्या ब्रेसलेटचं मी काय करू?

अक्षरं सोडवून ठेवा, तार कापून मणी परत वापरा. आणि यापुढे निम्मे पैसे आधी, त्याशिवाय मणीसुद्धा बाजूला काढायचा नाही. यात संकोच करू नका, जिला खरंच हवंय ती देते. रंग, लांबी, अक्षरांचं स्पेलिंग, तारीख हे सगळं एका मेसेजमध्ये लिहून "बरोबर आहे ना?" विचारा आणि तिचं "हो" आल्यावरच सुरू करा. कस्टम पीस परत घेतला जात नाही हेही त्याच मेसेजमध्ये.

प्रश्न : माझी रेझिनची पेंडंट्स दोन दिवसांनीही चिकट राहतात. हार्डनर जास्त घातला तर सुकेल का?

नाही, उलट बिघडेल. रेझिन म्हणजे साच्यात ओतायचं प्लास्टिकसारखं द्रव, ते पाण्यासारखं उडून सुकत नाही, रेझिन आणि हार्डनर या दोन भागांची रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं, एक भाग जास्त झाला की उरलेल्याला जोडीदारच मिळत नाही आणि तो चिकट राहतो. बाटलीवर १:१ आहे की २:१ ते बघा, आणि ते मापाने आहे की वजनाने, कारण दोन्ही भागांची घनता वेगळी असते, मापाचं प्रमाण वजनाने घेतलंत की चुकलंच. तीन मिनिटं हळू ढवळा, कपाच्या कडा आणि तळ खरवडत. खोली थंड असेल तर वेळ वाढतो. पूर्ण घट्ट व्हायला २४ ते ७२ तास लागू शकतात, तोपर्यंत साच्यातून काढायची घाई नको. आत फुलं घालत असाल तर ती कागदासारखी कोरडी हवीत, ओल राहिली की तपकिरी पडतात.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. तुम्ही पत्रात लिहिलंय की बोटाला लागलेलं रेझिन तुम्ही रुमालाने पुसता. कृपा करून असं करू नका. कच्चं रेझिन त्वचेला पुन्हापुन्हा लागलं की ॲलर्जी जडते, आणि मग हे काम कायमचं सोडावं लागू शकतं. नायट्राइलचे हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि घट्ट झालेलं पेंडंट पॉलिश पेपरने घासताना पाणी लावून घासा म्हणजे धूळ उडत नाही, शिवाय मास्क. मुलं असतात त्या खोलीत तर नकोच.

प्रश्न : एका पेजने माझं डिझाइन जसंच्या तसं उचललं, फोटोसुद्धा माझाच! काय करता येईल?

फोटो तुमचा असेल तर तक्रार नक्की करा. साइटवर त्यासाठी वेगळा फॉर्म असतो, मूळ फोटो फोनमध्ये तारखेसकट असतोच, तो जोडा. डिझाइनचं मात्र अवघड आहे. मण्यांची फुलं, तारेची वेटोळी यांवर कुणा एकाचा हक्क सांगता येत नाही. चारचौघांत भांडू नका, त्या पेजलाच गिऱ्हाईक मिळतं. आणि आपलीही बाजू तपासा, कार्टूनमधली पात्रं किंवा कंपन्यांचे लोगो घालून आपण काही विकत असू तर तेही परवानगीशिवाय चालत नाही.

प्रश्न : एका दुकानाने माझ्या वस्तू ठेवायची तयारी दाखवलीय, विकल्यावर पैसे देणार म्हणतात. ठेवू का?

ठेवा, पण थोड्याच, आणि कागद करून. किती नग दिले, दुकानाचा वाटा किती टक्के, पैसे कुठल्या तारखेला, हरवलं-तुटलं तर कुणाचं नुकसान, न विकलेलं किती दिवसांनी परत, एवढं तरी त्यावर हवं आणि दोघांची सही. महिन्यातून एकदा स्वतः जाऊन नग मोजा, धूळ पुसा, काळवंडलेली चांदी पॉलिश करून ठेवा. दुकानात ज्या किमतीला आहे त्याहून स्वस्त ऑनलाइन विकू नका, दुकानदाराला ते कळतंच, आणि एकदा विश्वास गेला की तो शेल्फ गेला. आणि दुकानाचा वाटा देऊन तुमची मजुरी निघत नसेल तर तुमची मूळ किंमतच कमी आहे, वर पहिल्या पत्राला लिहिलंय ते परत वाचा.

प्रश्न : मी कानातली, मॅक्रमे, बुकमार्क, मेणबत्त्या, पोलिमर क्लेचे मॅग्नेट, सगळं करते. सगळंच आवडतं. पण घर सामानाने भरलंय आणि विक्री थोडीथोडीच आहे. काय सोडू?

आवडीवरून ठरवू नका, तुम्हाला सगळंच आवडतं असं तुम्हीच लिहिलंय. इथेही वहीच. प्रत्येक प्रकारापुढे चार रकाने करा, किती बनवले, किती विकले, एकाला किती मिनिटं, सामान वजा करून हातात किती आले. मग हातात आलेल्याला तासांनी भागा. माझा अंदाज आहे की मॅक्रमे खाली जाईल, ती गाठींची कामं तास खातात, आणि बुकमार्कसारखी एखादी साधी वस्तू वर येईल, पण तुमचे आकडे वेगळे असू शकतात. जे खाली जाईल त्याचं नवीन सामान घेणं थांबवा, टाकून देऊ नका, असलेलं वापरून संपवा किंवा मोठ्या ऑर्डरसोबत भेट द्या. तीन महिने लिहा आणि ते पान मला पाठवा, काय ठेवायचं ते मिळून बघू.