मोठ्या पोटाच्या रुग्णाचा पोर्टल फ्लो दाणेदार येतो? आधी वेन्क बघा

तुम्ही विचारलंय की ३ टेस्लाच्या एमआरआयवर स्थूल रुग्णांच्या पोर्टल व्हेनचा (यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेचा) फोर-डी फ्लो, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारा स्कॅन, दाणेदार येतो, तर ॲव्हरेजेस, म्हणजे सरासरीसाठी तीच मोजणी किती वेळा घ्यायची ते, वाढवावेत का. माझ्या मते तो अगदी शेवटचा उपाय. ॲव्हरेजेस दुप्पट केले की वेळ दुप्पट लागतो आणि नॉइजच्या (दाणेदारपणाच्या) तुलनेत सिग्नल वाढतो १.४ पट. तेवढ्यात रुग्ण कंटाळतो, श्वास बिघडतो, कमावलेलं तिथेच जातं.

आधी वेन्क बघा. वेन्क म्हणजे स्कॅनला मोजता येणारा कमाल वेग, सेंमी प्रति सेकंदात, जो आपण आधी ठरवून देतो. वेगाच्या मोजणीतला नॉइज वेन्कच्या प्रमाणात वाढतो. पोर्टलमध्ये रक्ताचा वेग साधारण २० सेंमी प्रति सेकंद असतो, आणि महाधमनीसाठी लावलेला १५० चा वेन्क बरेचदा तसाच राहून जातो. तो ६० वर आणा. नॉइज जितका उतरेल, तितका ॲव्हरेजेसनं उतरवायला ते सहापट करावे लागले असते. पांढऱ्या शिरेच्या मधोमध काळा ठिपका दिसला तर एलियसिंग आहे, म्हणजे वेग वेन्कच्या वर गेल्यानं उलटा दिसतोय, वेन्क जरा वाढवा.

मग कॉइल, म्हणजे पोटावर बांधायचा सिग्नल पकडणारा अँटेना. पोटाच्या उतारावर ती हळूहळू एका कुशीला घसरते. माझ्या एका रुग्णाचा यकृताचा उजवा भाग स्कॅनच्या मध्यावर अंधारत गेला. आत जाऊन पाहिलं तर कॉइल चार बोटं खाली आलेली. तेव्हापासून मी रुग्णाला श्वास सोडायला सांगून पट्टे बांधतो आणि बाजूला पॅड खोचतो. आवळू मात्र नका, नाहीतर तो छातीनं श्वास घेऊ लागतो आणि नेव्हिगेटर (श्वासाची हालचाल टिपणारी यंत्रणा) भरकटतो. बांधताना काय करतोय ते त्याच्याशी बोला. संकोचलेला माणूस स्थिर पडून राहत नाही.

सिग्नलच्या मोहात बँडविड्थ (सिग्नल वाचताना घेतलेला फ्रिक्वेन्सीचा पट्टा) फार उतरवू नका. ३ टेस्लावर चरबी पाण्यापासून सुमारे ४४० हर्ट्झ दूर असते. शिरेभोवतीच्या चरबीचा सिग्नल सरकून कडेवर बसतो आणि फ्लोचा आकडा चुकतो. व्होक्सेल (चित्राचा सर्वांत छोटा घन ठोकळा) २ वरून २.५ मिमी केला तर सिग्नल जवळपास दुप्पट होतो, पण त्यापुढे जाऊ नका, १०-१२ मिमीच्या शिरेत मग मोजायला व्होक्सेलच उरत नाहीत. पोटाच्या मधोमध काळी सावली येत असेल तर ती बी-वनची, म्हणजे रेडिओ लहरींचं क्षेत्र पोटात सगळीकडे सारखं न पोचल्याची. जवळ रुंद बोअरचं (रुंद बोगद्याचं) १.५ टेस्ला मशीन असेल तर रुग्ण सरळ तिकडे न्या.

रुग्ण उपाशीपोटी हवा, जेवणानंतर पोर्टल फ्लो वाढतो. रिपोर्टला पाठवण्याआधी प्लीहेची शीर आणि आतड्याकडून येणारी सुपीरिअर मेसेंटेरिक शीर यांच्या फ्लोची बेरीज करून पोर्टलशी ताडून बघा, कारण या दोन मिळूनच पोर्टल बनते. मोठी तफावत असेल तर चित्र कितीही देखणं दिसो, आकडा देऊ नका.