पणजोबांच्या नावावर 40 एकर जमीन होती, तरी घरात दोन वेळची भाकरी का नव्हती?

तुम्ही लिहिलंय की पणजोबांचं गाव बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या डोंगरात, 1954 च्या खासरा पाहणीत, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, त्यांच्या नावावर 40 एकर, आणि आजी मात्र उपासमारीच्या गोष्टी सांगते. आजी खरंच सांगते आहे आणि कागदही खोटा नाही. माझे पणजोबा त्याच बालाघाटाच्या डोंगररांगेतले. त्यांच्याही नावावर असाच मोठा आकडा होता आणि घर सावकाराच्या दारात.

खासऱ्यात एकर कळतात, मातीची खोली कळत नाही. आपल्या उतारावरच्या बरड रानात वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा खडक. जिल्ह्यात पाऊस वर्षाला साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. मांजरा आणि सिंदफणा दोन्ही नद्या पाटोद्याच्याच डोंगरात उगवतात, म्हणजे पाणी आपल्या रानातून निघतं आणि खालच्या लोकांना मिळतं. 40 एकरांत बरंचसं कुसळी गवत, दगड आणि सीताफळाची झुडपं असणार. दरवर्षी हमखास पिकणारं रान त्यातलं थोडंच.

ते थोडं रान म्हणजे तालीमागचं. ओघळीला आडवी दगडांची ताल घालायची, पावसाळ्यात तिच्यामागे गाळ अडतो, उन्हाळ्यात तिच्यावर आणखी एक थर चढवायचा. असं दहा-पंधरा वर्षं केलं की खडकावर ज्वारी येईल एवढी माती साठते. आमच्या पणजोबांचं निम्मं आयुष्य यात गेलं. दगड वेचायला सगळं घर, अगदी सात-आठ वर्षांची पोरंसुद्धा. एका मोठ्या पावसात ताल फुटली की सगळी माती वाहून जायची आणि पुन्हा पहिल्यापासून. ‘डोंगरातले लोक आळशी म्हणून गरीब राहिले’ असं कुणी म्हणालं की मला फार राग येतो, तो यामुळे.

बाकीच्या बरडावर खरिपात बाजरी, तिच्यात तूर, मटकी, हुलगा, बांधाकडेला अंबाडी. पाऊस दगावला तरी यातलं काहीतरी हाती लागावं म्हणून सगळं मिसळून पेरायचं. एक तुकडा दोन-तीन वर्षं पिकवला की पड टाकायचा. खत बैल-शेळ्यांचं, किंवा धनगराच्या मेंढ्या रात्री रानात बसवायच्या आणि त्याला धान्य द्यायचं. खाण्यात बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, पावसाळ्यात तरवट्याची भाजी. दिवाळीच्या सुमारास सीताफळांवर दिवस निघायचे.

खरी कोंडी आषाढात. कणगी रिकामी आणि पेरणीला बी हवं. सावकार धान्य द्यायचा ते दिढीनं, एक मण नेलं की सुगीला दीड मण. खळ्यावर मळणी व्हायची, तिथेच त्याचा हिस्सा निघायचा, मग बलुतेदारांचं, आणि उरलेलं घरात. 1948 पर्यंत तर निजामी राज्य. सारा हाली शिक्क्यात, म्हणजे निजामाच्या नाण्यात भरायचा, शेवटच्या वर्षांत वरून सरकारला सक्तीनं द्यायचं लेव्हीचं धान्य. शेजारचं जामखेड इंग्रजी मुलखात, त्यामुळे बाजाराला जातानाही वाटेत करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. रझाकारांच्या काळात आमच्या घरातल्या बायका-मुलं त्याच हद्दीपलीकडे नातेवाइकांकडे जाऊन राहिली होती.

पणजीचं नाव मात्र मला एकाही कागदावर सापडलं नाही. पहाटे जात्यावर दळण, दरीतल्या झऱ्यावरून डोक्यावर पाणी, दिवसभर रान, आणि बियाण्याचं मडकं सांभाळणं तिच्याकडेच. आमची आजी सांगायची, “पोरं उपाशी निजली, पर सासूनं बियाच्या मडक्याला हात लावू दिला न्हाई.” घर टिकलं ते त्या मडक्यामुळे, असं मी मानतो.

पुढे वाटण्या झाल्या. 40 एकर तिसऱ्या पिढीत पाच-सहा घरांत वाटले की तालीमागची जमीन एकेकाला फार तर पट्टीभर येते. 1972 च्या दुष्काळात आमचे आजोबा खडी फोडायला गेले, दुष्काळात वाटलेल्या सुकडीवर घर जगलं, आणि त्यानंतर मुकादमाकडून आगाऊ पैसे, म्हणजे उचल घेऊन दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणं कायमचं झालं. बीडच्या डोंगरातली बहुतेक घरं याच वाटेनं कारखान्यांवर गेली.

तुम्हाला शोध घ्यायचाच असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात खासऱ्याच्या आधीचं जुनं रेकॉर्ड मागा. ते बऱ्याचदा उर्दूत किंवा मोडीत असतं, वाचणारा माणूस सोबत न्या. त्यात फसली सन, म्हणजे निजामी महसुलाचं वर्ष दिसेल, त्या आकड्यात 590-591 मिळवले की इसवी सन येतं. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तुमच्या घराण्यातलं कुणी गेलं असेल तर पिढ्यांची नावं मिळतील. पण आधी वैशाखात, गवत वाळलेलं असताना, भावकीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन त्या रानात जा. कुठली ताल कुणी घातली हे त्यांना अजून सांगता येतं. आणि आजीला विचारा, आषाढात बी कुणाकडून आणायचे आणि सुगीला किती परत करायचे. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्याकडेच आहे.